स्पीकरमधली घरघर: घरातला गुन्हेगार कसा शोधायचा

नवा ॲम्प्लिफायर आणला, स्पीकर जोडले, गाणं लावण्याआधी व्हॉल्यूम जरा वाढवला आणि शांततेऐवजी 'हूंऽऽ' ऐकू आलं. किंवा सगळं छान चालू असताना आतल्या खोलीत कुणी मिक्सर लावला आणि स्पीकर खरखरला. किंवा रात्री माइकवर काही रेकॉर्ड करत होतात, फ्रीज बंद झाला आणि वाक्याच्या मधोमध एक 'टक्' उमटला. तिन्ही तक्रारी ऐकायला सारख्या, पण तिन्हींची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे. एकीचं औषध दुसरीला दिलं की पैसे जातात, आवाज तिथेच राहतो.

हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलो. सुरुवातीला माझ्या टर्नटेबलमधून, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रातून, सतत घरघर यायची. फार विचार न करता मी वीज 'स्वच्छ' करणारा एक जड, महागडा डबा घेऊन आलो. घरघर तसूभरही हलली नाही. दोनेक आठवड्यांनी धूळ पुसताना टर्नटेबलच्या मागे पडलेला एका जुन्या फोनचा अडॅप्टर, आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे जड असलेला तो काळा ठोकळा, हातभर बाजूला सरकवला आणि घरघर गेली. तो महागडा डबा अजून घरात आहे. त्यावर झाडाची कुंडी ठेवली आहे.

तेव्हापासून आवाज कुठल्या वाटेने आत शिरतोय हे कळल्याशिवाय मी काही विकत घेत नाही. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. निम्म्याहून जास्त पायऱ्यांना काहीच खर्च नाही, फक्त एक मोकळी संध्याकाळ लागते.

पायरी १: आधी नुसतं ऐका

एकही वायर उपटू नका. पाच मिनिटं तो आवाज ऐका, कारण त्याचा पोतच बरंच सांगून जातो.

खोल, सलग, न हलणारा 'हूंऽऽ' म्हणजे विजेची स्वतःची वारंवारता. बहुतेक देशांत ती ५० हर्ट्झ असते, अमेरिकेसारख्या काही देशांत ६०. ५० हर्ट्झचा स्वर पाश्चात्त्य पट्टीतल्या अगदी खालच्या 'जी'च्या, म्हणजे ४९ हर्ट्झच्या, किंचित वर लागतो. कान तयार असेल तर एकदा ओळखल्यावर तो विसरता येत नाही. असा गोल आवाज बहुधा जवळच्या ट्रान्सफॉर्मरमुळे किंवा ग्राउंड लूपमुळे, म्हणजे अर्थच्या तारांतून तयार झालेल्या बंद फेऱ्यामुळे, येतो (त्याबद्दल सविस्तर पुढे). बरोबर त्याच्या वरच्या सप्तकातला, १०० हर्ट्झचा, जरा खरबरीत आवाज असेल तर ॲम्पच्या पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरवर संशय घ्यावा. एसीचं डीसी करताना लाटेचे दोन्ही अर्धे भाग वापरले जातात, त्यामुळे कपॅसिटर थकले की उरलेले तरंग दुप्पट वारंवारतेने बाहेर येतात. जुन्या ॲम्पचं हे नेहमीचं दुखणं आहे. त्यासाठी घरातल्या इतर वस्तूंना दोष देऊ नका, ॲम्प दुरुस्तीला द्या आणि तो स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो.

'झर्र्' असा धारदार, डब्यात कोंडलेल्या मधमाशीसारखा आवाज असेल तर दिव्याचा डिमर किंवा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पाहा. खरखर येत असेल आणि ती कुठल्यातरी मोटरच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल, तर ती ब्रश असलेली मोटर आहे: मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, ड्रिल मशीन. एकटाच 'टक्' म्हणजे कुठेतरी स्विच, थर्मोस्टॅट किंवा रिले उघडला वा मिटला. बारीक शिट्टी किंवा किरकिर, जी माउस हलवला की बदलते, ती कॉम्प्युटरच्या यूएसबीतून किंवा लॅपटॉपच्या चार्जरमधून येते. आणि 'टिट्-टिटिट्-टिटिट्' हे तर फोन वाजायच्या क्षणभर आधी स्पीकरने केलेलं भाकीत. ते आता कमी ऐकू येतं, त्याचं कारण पुढे आहे.

कानावर भरवसा नसेल तर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ॲम्पच्या लाइन आउटपुटचा तोच आवाज दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारतेचा जोर किती याचा आलेख, पाहा. एकटा ५० चा उंच खांब दिसला तर चुंबकीय क्षेत्राचा संशय बळावतो. १००, २००, ३०० अशी कंगव्याच्या दातांसारखी लांबलचक रांग दिसली तर कुणीतरी लाटेचे तुकडे पाडतंय.

पायरी २: आवाज खरंच स्पीकरमधून येतोय का?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण इथे पुष्कळ जण फसतात. कान स्पीकरच्या जाळीला लावा, मग ॲम्पच्या झाकणाला लावा. गुणगुण ॲम्पच्या पेटीतूनच येत असेल तर ती ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याची यांत्रिक थरथर आहे आणि कुठलीही ऑडिओ केबल बदलून ती जाणार नाही.

ही थरथर दिवसातून काही वेळच होत असेल तर मजेशीर कारण सापडू शकतं. काही हेअर ड्रायर कमी वेगावर ठेवले की आत एक डायोड मध्ये येतो आणि ते विजेच्या लाटेचा फक्त अर्धा भाग ओढतात. वरचा अर्धा ओढला, खालचा सोडला, की घरातल्या विजेत थोडासा डीसी मिसळतो. साध्या चौकोनी ट्रान्सफॉर्मरला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण चकतीच्या आकाराच्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरचा गाभा एवढ्यानेही संपृक्त होऊ लागतो आणि पेटी घुमते. ड्रायर पूर्ण वेगावर नेला की घुमणं थांबतं. ही खूण पक्की.

पायरी ३: व्हॉल्यूमची कळ आणि उपटलेल्या वायरी

व्हॉल्यूम शून्यावर आणा. घरघर होती तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या पुढच्या टप्प्यात शिरते आहे, म्हणजे पॉवर ॲम्पमध्ये किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर ती मागून येते: जोडलेलं उपकरण, त्याची केबल किंवा इनपुटचा टप्पा.

आता ॲम्प बंद करा, मागच्या सगळ्या इनपुट केबल काढा आणि पुन्हा चालू करा. शांत झाला? मग ॲम्प निर्दोष. एकेक केबल परत जोडत जा, दर वेळी आधी ॲम्प बंद करून. ज्या केबलपाशी आवाज परततो तिच्यामागे जा. तिचं दुसरं टोक उपकरणातून काढल्यावरही घरघर राहिली तर केबलची जाळी, म्हणजे आतल्या तारेभोवतीचं धातूचं वेष्टण, तुटलेली असू शकते किंवा केबल चुकीच्या शेजाऱ्याजवळून जात असेल. दुसरं टोक जोडल्यावरच आवाज येत असेल तर ग्राउंड लूपचं प्रकरण आहे.

टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्स जोडलेला असेल तर भिंतीतून येणारी अँटेनाची किंवा केबलची गोल वायर टीव्हीच्या मागून काढून पाहा. या वायरीची बाहेरची जाळी इमारतीत दुसऱ्याच कुठल्यातरी ठिकाणी अर्थ केलेली असते. ती काढल्याबरोबर 'हूं' थांबला, असं मी इतक्यांदा पाहिलंय की आता कुणाच्याही घरी तिथूनच सुरुवात करतो.

लॅपटॉपवरून गाणी लावत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. शिट्टी गेली? गुन्हेगार सापडला.

पायरी ४: रेडिओ हातात घेऊन घरभर फेरी

अजून पत्ता लागला नसेल तर बॅटरीवर चालणारा छोटा मीडियम वेव्ह रेडिओ शोधून काढा. अडगळीत असतोच. मीडियम वेव्ह, म्हणजे साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झचा पट्टा, विजेच्या कचऱ्याबाबत फार हळवा असतो. एफएम इथे उपयोगाचा नाही, कारण त्याची रचनाच असली खरखर दुर्लक्षून पुढे जाण्याची.

जिथे एकही स्टेशन नाही अशा जागी काटा आणा, आवाज मोठा करा आणि एकेका प्लगपाशी रेडिओ न्या. माझ्या घरातली फेरी सांगतो. पुस्तकांच्या कपाटापाशी नुसती हलकी सरसर. टीव्हीपाशी मध्यम भुणभुण. फ्रीजपाशी जवळजवळ काही नाही, याचं मला नवल वाटलं, कारण माझा सगळा राग फ्रीजवर होता. पलंगाशेजारच्या एक्स्टेन्शन बोर्डपाशी गेलो आणि रेडिओ किंचाळला. बोर्डवर तीन चार्जर. पहिला काढला, फरक नाही. दुसरा काढला, फरक नाही. तिसरा, कुठल्याशा खेळण्याबरोबर आलेला, पिसासारखा हलका, काढला आणि रेडिओ एकदम मवाळ झाला. त्याला फोन जोडलेलाही नव्हता. चार्जरच्या हलकेपणाबद्दल तेव्हापासून मला शंका येते. आत गाळणीचे भाग असते तर त्याचं थोडंतरी वजन भरलं असतं.

रेडिओच्या आत अँटेना म्हणून फेराइटचा, म्हणजे एका चुंबकीय पदार्थाचा, दांडा असतो आणि त्या दांड्याचं टोक ज्या दिशेला रोखलं असेल तिकडचे संकेत त्याला सर्वांत कमी ऐकू येतात. म्हणून रेडिओ हळूहळू फिरवत खरखर सर्वांत मंद कुठे होते ते पाहा. उगम साधारण त्या रेषेवर असतो.

हेही पुरलं नाही तर मेन स्विच. आधी कॉम्प्युटर नीट बंद करा, मग रेडिओ चालू ठेवून घराची वीज बंद करा. खरखर गेली तर उगम घरात आहे. तशीच राहिली तर ती शेजारून किंवा रस्त्यावरून येतेय आणि घरातल्या वस्तूंवर डाफरण्यात अर्थ नाही. घरातच असेल तर बोर्डवरचे एमसीबी एकेक करून चालू करत जा.

अंतर आणि कोन

सापडलेल्या गुन्हेगारावरचा पहिला इलाज म्हणजे त्याला लांब ठेवणं. छोट्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र त्याच्यापासून थोडं दूर गेल्यावर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. अंतर दुप्पट केलं की जोर आठवा हिस्सा उरतो. म्हणूनच माझा ठोकळा हातभर सरकवणं त्या डब्यापेक्षा भारी ठरलं. हलवायला जागा नसेल तर ट्रान्सफॉर्मर असलेली वस्तू जागच्या जागी नव्वद अंशांत फिरवून पाहा, कधीकधी तेवढंही पुरतं.

टर्नटेबलच्या बाबतीत हे जास्त जाचतं, त्यामागे आकडे आहेत. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून, म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणाऱ्या भागातून, जेमतेम ५ मिलीव्होल्ट निघतात, तर सीडी प्लेअरसारख्या उपकरणाच्या लाइन पातळीला शेकडो मिलीव्होल्ट असतात. त्यात रेकॉर्डमध्ये दाबलेला खर्ज परत वर आणण्यासाठी फोनोचा टप्पा, म्हणजे टर्नटेबलसाठीचा खास इनपुट, ५० हर्ट्झला १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट, जास्त फुगवतो. घरघरीच्या नेमक्या वारंवारतेला भिंग लावल्यासारखं होतं. म्हणून टर्नटेबल ॲम्पच्या डोक्यावर ठेवू नका आणि त्यातून निघणारी बारीक अर्थची वायर ॲम्पच्या मागच्या स्क्रूला जोडायला विसरू नका. ती लोंबकळत राहिली की होणारा 'हूं' भयंकर असतो, आणि नवख्यांच्या दहातल्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात असा माझा अंदाज आहे.

विजेची वायर आणि ऑडिओची केबल शेजारीशेजारी, एकाच प्लास्टिकच्या पट्ट्यात बांधून नेणं दिसायला नीटनेटकं पण कानाला वाईट. त्यांना हातभर दूर ठेवा. एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडू द्या. जास्तीची केबल गुंडाळी करून अडॅप्टरवर ठेवू नका. आणि केबलला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळायचा सल्ला कुणी दिला तर लक्षात ठेवा, ती विद्युत क्षेत्र अडवते. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तिच्यातून बिनदिक्कत आरपार जातं.

गिटारवाल्यांना हे सगळं पाठ असतं. सिंगल कॉइल पिकअपची (तारांची थरथर टिपणारी एकच कॉइल असलेली) गिटार घेऊन खोलीत गोल फिरलं की घरघर कमी-जास्त होते. १९५५ साली सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीसाठी केलेल्या हमबकर पिकअपच्या पेटंटच्या अर्जामागची कल्पना सोपी आहे: उलटसुलट गुंडाळलेल्या दोन कॉइल अशा जोडायच्या की तारांचा आवाज बेरजेत यावा आणि बाहेरून आलेली घरघर वजाबाकीत जावी. तीन पिनांची बॅलन्स्ड केबलही हीच वजाबाकी करते. दोन तारांत तोच संकेत एकमेकांच्या उलट जातो, वाटेत दोन्हींवर सारखाच कचरा बसतो आणि पलीकडचं उपकरण फक्त दोघांतला फरक घेतं. तुमच्या ऑडिओ इंटरफेसला आणि स्पीकरला अशी जोडणी असेल तर साध्या केबलवर अडून राहू नका.

ग्राउंड लूप, आणि एक गोष्ट जी कधीच करायची नाही

घरातल्या घरघरीत सगळ्यात जास्त गोंधळ या प्रकाराने होतो, म्हणून इथे जरा थांबू.

समजा कॉम्प्युटरचा तीन पिनांचा प्लग एका भिंतीत आहे आणि ॲम्पचा दुसऱ्या भिंतीत. दोन्हींचे धातूचे डबे आपापल्या अर्थला जोडलेले. आता दोघांमध्ये तुम्ही ऑडिओ केबल लावली, तिची बाहेरची जाळीही दोन्ही डब्यांना जोडली गेली. कॉम्प्युटरपासून भिंतीतल्या अर्थमार्गे ॲम्पपर्यंत आणि तिथून केबलच्या जाळीतून परत कॉम्प्युटरपर्यंत एक बंद फेरा तयार झाला. दोन भिंतींच्या अर्थमध्ये घरातल्या फिल्टरांच्या गळतीमुळे आणि शेजारून जाणाऱ्या तारांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे थोडासा व्होल्टेज फरक असतोच. तो या फेऱ्यातून प्रवाह फिरवतो, प्रवाह जाळीतून वाहताना तिच्या दोन टोकांत थोडा व्होल्टेज पडतो, आणि साध्या केबलमध्ये जाळी हीच संकेताची दुसरी तार असल्याने तो व्होल्टेज गाण्यात मिसळतो. लाइनच्या ३०० मिलीव्होल्टमध्ये फक्त १ मिलीव्होल्टची घरघर मिसळली तरी ती गाण्याच्या ५० डेसिबल खालीच राहते, आणि शांत जागी ती ऐकू येते.

यावर इंटरनेटवर हमखास भेटणारा सल्ला म्हणजे एका प्लगची अर्थ पिन काढून टाकणे. घरघर जाते, हे खरं. पण उद्या त्या उपकरणात फेजची तार सुटून डब्याला टेकली तर अर्थचा मार्गच नाही, एमसीबी पडणार नाही, आणि पुढचा हात लावणारा माणूस स्वतः अर्थ होईल. कदाचित ऑडिओ केबलमार्गे जोडलेला माइक किंवा गिटारही फेजवर येईल. अर्थ पिन तोडू नका, टेप लावू नका, दोन पिनांच्या जोडणीतून चालवू नका.

त्याऐवजी हे करून पाहा. ऑडिओची सगळी उपकरणं एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. अर्थच्या दोन टोकांतला फरकच उरला नाही की लूप बिनविषारी होतो. घरच्या ऑडिओ उपकरणांची एकत्रित गरज बहुधा एका सॉकेटला झेपते, पण बोर्डवर लिहिलेली मर्यादा वाचा आणि त्याच बोर्डवर हीटर किंवा इस्त्री लावू नका. माझ्या ओळखीतली बरीच प्रकरणं या एका बदलाने मिटली.

मिटलं नाही तर लूप तोडा, पण संकेताच्या बाजूने. ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर केबलच्या मध्ये लावला की आवाज चुंबकत्वातून पलीकडे जातो, तांब्याची जोडणी राहत नाही. अगदी स्वस्तातले ट्रान्सफॉर्मर खर्ज खातात, म्हणून ऐकून घ्या. गिटार किंवा कीबोर्डसाठी डीआय बॉक्स हेच करतो आणि त्यावरचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण निर्धास्त वापरा, ते फक्त केबलची जाळी सोडतं, सुरक्षेच्या अर्थला हात लावत नाही. टीव्हीपासून ॲम्पपर्यंत ऑप्टिकल केबलची सोय असेल तर उत्तमच. १९८३ मध्ये तोशिबाने आणलेली टॉसलिंक जोडणी प्रकाशावर चालते आणि प्रकाशातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहत नाही. यूएसबीच्या किरकिरीसाठी यूएसबी आयसोलेटर मिळतात, पण साधे आयसोलेटर बरेचदा १२ मेगाबिटच्या वेगापुरतेच असतात. जास्त चॅनलचा इंटरफेस त्यावर चालेलच असं नाही.

उलटी परिस्थितीही असते: अर्थ असायला हवी तिथे नसते. लॅपटॉपच्या किंवा ॲम्पच्या धातूला बोट घासलं की बारीक झिणझिण्या येतात आणि हात लावला की भुणभुण बदलते. उपकरणाच्या वीज फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलला डब्याशी जोडतात. अर्थ असेल तर गळती तिथून निघून जाते. नसेल तर डबा २३० व्होल्टच्या निम्म्यावर तरंगत राहतो. प्रवाह अगदी क्षीण असतो, पण तीन पिनांच्या उपकरणाच्या बाबतीत ही खूण ऐकून न ऐकल्यासारखी करू नका. सॉकेटची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, गाण्याचं नंतर पाहू. दोन पिनांच्या चार्जरवर हीच झिणझिण रचनेतच असते. तिथे तीन पिनांचा चार्जर मिळत असेल तर तो वापरा.

डिमर, मोटर, चार्जर

डिमरची खोड समजली की इलाज आपोआप सुचतो. तो दिवा मंद करताना लाटेचा सुरुवातीचा भाग कापतो आणि मग मध्येच वीज सोडतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं. लाट बरोबर मध्यावर कापली की व्होल्टेज शून्यावरून थेट शिखरावर उडी मारतं, काही मायक्रोसेकंदांत, आणि हे सेकंदाला १०० वेळा. म्हणून 'झर्र्' मध्यम उजेडावर सर्वांत जास्त आणि पूर्ण उजेडावर सर्वांत कमी. ऐकायला बसताना डिमर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवा. कायमचा उपाय हवा असेल तर लाटेचा शेवटचा भाग हळुवार कापणारा ट्रेलिंग एज डिमर लावून घ्या. पंख्याला फिरत्या कळीचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर त्याऐवजी कपॅसिटरवर चालणारा टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर बसवा. तो लाट कापतच नाही.

मोटरच्या खरखरीचं मूळ ठिणगीत आहे. मिक्सर किंवा ड्रिलच्या हवेच्या फटींतून आत डोकावलं तर फिरत्या तांब्याच्या कड्यावर निळसर ठिणग्या दिसतात. प्रत्येक ठिणगी हा एक छोटा रेडिओ प्रक्षेपक. कार्बन ब्रश झिजले की ठिणग्या वाढतात, त्यामुळे पूर्वी शांत असलेला मिक्सर आता स्पीकरमध्ये ओरडत असेल तर ब्रश बदलून घ्या. छताच्या साध्या पंख्यात ब्रश नसतात, म्हणून तो चालताना खरखरत नाही.

चार्जर आणि एलईडी दिव्यांसाठी फेराइटचा क्लॅम्प कामाला येऊ शकतो. तो वायरीवर नुसता अडकवण्यापेक्षा वायर त्यातून दोन-तीनदा ओवा. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तीन वेढ्यांना नऊपट. पण फेराइट साधारण मेगाहर्ट्झच्या पुढचा कचरा अडवतो. ५० हर्ट्झच्या 'हूं'साठी त्याचा माळेसारखा हार केलात तरी काही होणार नाही.

फोनचं भाकीत

जुन्या जीएसएम फोनचा प्रक्षेपक सलग चालत नाही, दर ४.६ मिलीसेकंदांनी छोटा झटका देतो, म्हणजे सेकंदाला २१७. ९०० मेगाहर्ट्झवर या झटक्याची ताकद २ वॉटपर्यंत जाऊ शकते. ॲम्पचा इनपुट टप्पा नकळत रेडिओसारखा वागतो, ९०० मेगाहर्ट्झ गाळून त्यातला २१७ हर्ट्झचा ठेका आपल्याला ऐकवतो. नव्या नेटवर्कवरचे फोन अशा ठरावीक तालात झटके देत नाहीत, म्हणून ती टिटटिट आता क्वचित येते. आली तर फोन चार हात लांब ठेवा. रेकॉर्डिंगच्या वेळी विमान मोड.

पैसे कुठे घालू नयेत

सर्ज प्रोटेक्टर हा वीज कोसळण्यासारख्या झटक्यांपासून वाचवणारा पहारेकरी आहे. तो शेकडो व्होल्टची उसळी आल्यावरच जागा होतो; बारीक खरखरीच्या वेळी त्याची झोपच मोडत नाही. जाडजूड, सापासारख्या पॉवर केबलवर मी काही बोलत नाही. भिंतीतल्या साध्या तारेतून आलेली वीज शेवटच्या मीटरभरात पवित्र होते असं ज्याला वाटतं त्याने घ्यावी. चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर घरात असेल आणि वीज गेल्यावर ॲम्प व पंखे दोन्ही घुमत असतील, तर मात्र साइन वेव्ह इन्व्हर्टरवर केलेला खर्च सार्थकी लागतो.

उपकरणावर प्रमाणपत्राचा शिक्का आहे, तरी त्रास का देतं, असाही प्रश्न येतो. विद्युत उपकरणांच्या कचऱ्यावर मर्यादा घालणारी सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ साली स्थापन झाली ती रेडिओचं रक्षण करायला. घरगुती उपकरणांसाठी वायरीवाटे पसरणाऱ्या कचऱ्याच्या तिच्या मर्यादा मुख्यतः १५० किलोहर्ट्झच्या पुढे लागू होतात. तुमचा कान वीस किलोहर्ट्झपाशीच थांबतो. त्यामुळे परीक्षेत पास झालेलं उपकरणही तुमच्या टर्नटेबलला छळू शकतं आणि दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं.

राहिला फ्रीजचा 'टक्'

याच्याशी मी सर्वांत जास्त झगडलो आणि पूर्ण जिंकलो नाही. कॉम्प्रेसरची मोटर म्हणजे मोठी कॉइल. तिचा प्रवाह थर्मोस्टॅटने तोडला की कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा संपर्कांच्या फटीत ठिणगी पाडते आणि तो झटका वायरींतून घरभर धावतो. संपर्कांवर रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी, म्हणजे स्नबर, बसवला की तो बराच मवाळ होतो, पण ते काम फ्रीज दुरुस्त करणाऱ्याचं आहे. फ्रीज आणि ऑडिओ वेगवेगळ्या सर्किटवर घेतल्याने माझ्याकडे 'टक्' निम्मा झाला, बॅलन्स्ड केबलने आणखी थोडा. उरलेला गाणी ऐकताना जाणवतही नाही.

रेकॉर्डिंगला मात्र जाणवतो. तेव्हा मी चित्रीकरणाच्या ठिकाणी ध्वनिमुद्रण करणारे लोक करतात तेच करतो: तासाभरासाठी फ्रीजचा प्लग काढतो आणि गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतो. किल्लीशिवाय घराबाहेर पडता येत नाही, त्यामुळे फ्रीज परत चालू करायला विसरत नाही.